बॅटरी कोण खातंय

त्या पावसाळ्यात माझ्या गाडीची बॅटरी सात वेळा उतरली. आकडा पक्का आठवतो, कारण चौथ्या वेळेनंतर मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारायला लागले होते. फुल्यांकडे बघून काहीतरी सूत्र सापडेल असं वाटायचं. एक मंगळवार, एक शुक्रवार, मग बारा दिवस काहीच नाही, मग लागोपाठ दोन दिवस. सूत्र काही सापडलं नाही.

मी मूळची मिरजेची. इकडे तमिळ मुलखात, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग करणारा एक छोटा कारखाना आहे, तिथला तपासणी विभाग माझ्याकडे आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूत चूक कुठे आहे ते शोधून काढायचं, पगार त्याचाच मिळतो. स्वतःच्या गाडीतली चूक दोन महिने सापडू नये, याचा राग त्यामुळे जरा जास्तच होता. राहायला तांबरमला, पहिल्या मजल्यावर. घरात मी आणि अण्णा, दोघंच.

अण्णा म्हणजे माझे वडील. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मी जिन्यातून "अण्णा, गोळी घेतली का" असं विचारायचे, तेव्हा आमच्या वॉचमनला ते माझे भाऊच वाटायचे. एवढ्या म्हाताऱ्या भावाची बहीण एवढी लहान कशी, हे कोडं त्याने बरेच दिवस मनातच ठेवलं आणि शेवटी एकदा धीर करून विचारलं.

अण्णांनी तीस-एक वर्षं बस आगारात इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. आई गेल्यावर दीड वर्ष ते मिरजेत एकटेच राहिले. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, एकदा गॅसवर रिकामं पातेलं तापत राहिलं, आणि मी त्यांना इकडे घेऊन आले. त्यांना तमिळ येत नाही, इंग्रजी वाचण्यापुरतं येतं, आणि आता वाचणंही जमत नव्हतं. दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माझ्या गाडीच्या डिकीत एक एलईडीची पट्टी बसवली. डिकीतला मूळचा दिवा अगदीच मिणमिणता होता, अंधारात सामान काढताना मी चाचपडते हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच दिव्याच्या वायरीवरून त्यांनी जोड घेतला आणि वर नीट टेप गुंडाळली. मला ते आवडलं होतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही होतं.

पहिल्यांदा बॅटरी उतरली ती ऑक्टोबरच्या शेवटी, इकडचा पावसाळा सुरू होतो तेव्हा, कारखान्याच्या पार्किंगमध्ये. सहाला खाली आले, दार रिमोटने उघडेना. किल्ली घालून उघडलं, स्टार्टर फिरवला, तर नुसतं टकटक. मदतीला बोलावलेला माणूस तासाभराने आला, त्याने बॉनेट उघडून दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावल्या, गाडी चालू केली, बॉनेट धाडकन आपटलं आणि बॅटरी म्हातारी झाली म्हणाला. नवीन बॅटरी बसवली. आठ दिवसांनी नवीन बॅटरीही तशीच, त्याच जागी, संध्याकाळी सहाला ठार मेलेली.

गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली. परत देताना तिथल्या सल्लागाराने एक छापील कागद हातात ठेवला. त्यावर सगळ्या चौकटींत बरोबरची खूण होती.

"मॅडम, बंद गाडी जेवढा करंट घेते तेवढाच घेतेय. काहीच प्रॉब्लेम नाही."

"मग बॅटरी उतरते कशी?"

"तुम्ही कदाचित काहीतरी चालू ठेवून जात असाल."

मी काहीही चालू ठेवून जात नव्हते. घरातून निघताना गॅसचा नॉब तीनदा बघणारी बाई मी. त्या माणसाला हे सांगण्यात अर्थ नव्हता, तरी सांगितलं. तो मान डोलवत पुढच्या गाडीचा कागद काढत होता.

तिसरी वेळ सगळ्यात वाईट. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. साडेसातला दवाखान्यात पोचायचं होतं. तीन दिवस आधीपासून डोळ्यात थेंब घालणं चालू होतं, आदल्या दिवशी रक्तदाब बघून घेतला होता. अण्णा पहाटे उठून आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. ऑपरेशनची त्यांना भीती वाटत होती. म्हणाले नाहीत, पण आदल्या संध्याकाळी त्यांनी मला दोनदा विचारलं होतं की डॉक्टरीणबाईंचा हात हलका आहे ना. आम्ही खाली आलो, पावसाची रिपरिप चालू होती, आणि गाडी मेलेली.

पाऊस असला की तांबरममध्ये रिक्षा मिळत नाही. मोबाईलवर बोलावलेल्या दोन रिक्षा येतो येतो म्हणून आल्या नाहीत. तिसरी आली तेव्हा सव्वाआठ झाले होते. पुढे रस्त्यावर पाणी साचलेलं. आम्ही नऊ वाजून गेल्यावर पोचलो. काउंटरवरची मुलगी सभ्यपणे बोलली, पण त्यांची वेळ दुसऱ्या रुग्णाला दिली गेली होती आणि आता पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती. अण्णा म्हणाले, "असू दे. आंधळा झालेलो नाही अजून." परत येताना रिक्षात त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मला तेही सहन झालं नाही.

त्याच दिवशी गाडी ओढून पुन्हा सर्व्हिस सेंटरला नेली. या वेळी मी आवाज चढवला. संध्याकाळी सल्लागाराचा फोन आला. त्याचा स्वर विजयी होता.

"मॅडम, सापडलं. डिकीत बाहेरचं वायरिंग केलेलं आहे. एक लाईट लावलाय. तोच बॅटरी खातोय."

त्याने फोटोही पाठवला. अण्णांची पट्टी, अण्णांनी गुंडाळलेली टेप, आणि त्यावर लाल गोल.

खरं म्हणजे तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. ती पट्टी डिकी बंद झाली की विझते, हे मी शंभरदा पाहिलं होतं. आणि रात्रभर पेटती राहिली असती तरी एवढ्याशा पट्टीने आख्खी नवी बॅटरी उतरली नसती, एवढं गणित मला येतं. पण मला कुणीतरी हवं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बोट ठेवून हे बघा असं म्हणालं होतं. मी घरी आले, चप्पलही न काढता अण्णांसमोर उभी राहिले आणि फोटो त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांना तो नीट दिसतही नसणार.

"हे कुणी सांगितलं होतं करायला?"

अण्णा रेडिओ ऐकत होते. त्यांनी तो बंद केला.

"कशाचा फोटो आहे?"

"तुमच्या दिव्याचा. त्याच्यामुळे बॅटरी उतरतेय. तुमचं ऑपरेशन तुमच्याच दिव्याने चुकवलं. ही आगारातली बस नाही, अण्णा. या गाड्यांत कॉम्प्युटर असतात. ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावायचा?"

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि ते गेल्याचं मला कळलंही. पण मी ते परत घेतलं नाही.  अण्णा म्हणाले, "डिकी बंद झाली की तो विझतो."

"कंपनीवाले खोटं बोलतात का?"

"गाडी आली की काढून टाकतो."

गाडी दुसऱ्या दिवशी आली. अण्णांनी खाली जाऊन पट्टी काढली. मूळची वायर पहिल्यासारखी जोडली, काढलेली टेपसुद्धा घडी करून वर आणली. जेवायला बसल्यावर त्यांनी आमटी छान झालीय असं सांगितलं. गाडीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. मीही काढला नाही, कारण पाचव्या दिवशी बॅटरी पुन्हा उतरली आणि ते मला त्यांना सांगायचं नव्हतं. तांत्रिक अडचण आली म्हणून उशीर झाला, एवढंच मी म्हणाले. कॅलेंडरवरची फुली त्यांना दिसत नव्हती.

मग मी स्वतःच शोधायचं ठरवलं. कारखान्यातलं मल्टिमीटर घेतलं. पद्धत मी व्हिडिओ बघून नीट समजून घेतली होती. बॅटरीची ऋण वायर सोडवायची आणि ती वायर व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडायचं, म्हणजे गाडी जो काही करंट ओढतेय तो मीटरमधून जातो आणि आकडा दिसतो. एका पावसाळी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पार्किंगमध्ये हे सगळं केलं. वायरी टेकवल्या, पडद्यावर क्षणभर काहीतरी चमकलं आणि शून्य झालं. पुन्हा टेकवल्या. शून्य. मीटर वर नेऊन आमच्या देखभाल विभागातल्या माणसाला दाखवलं. त्याने ते उघडलं आणि आतला फ्यूज उडालाय म्हणाला. "वायर चुकीच्या भोकात घातली असशील," असंही म्हणाला. मी घातली नव्हती, पण दीड महिन्यानंतर माणसाचा स्वतःवरचा विश्वासही उडालेला असतो. घातली असेन, असं मी मान्य केलं. त्या संध्याकाळी गाडी चालू झाली नाही. ती सहावी वेळ, आणि सातवी लगेच दुसऱ्या दिवशी.

नवा फ्यूज टाकून दोन दिवसांनी घरी पुन्हा मोजलं, तर आकडा इतका लहान की कुणालाही हेवा वाटावा. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर होता तेवढाच.

शेवटी तांबरम बाजारात गाड्यांचं वायरिंग करणारे एक गृहस्थ आहेत त्यांना घरी बोलावलं. पन्नाशीचे, कपाळावर विभूती, बोलणं कमी. त्यांनी पिशवीतून होल्डरमध्ये बसवलेला एक साधा बल्ब काढला, त्याला दोन वायरी. मीटरच्या जागी तो बल्ब लावला, म्हणजे गाडी जास्त करंट ओढत असेल तर तो पेटणार. तेवढ्यात अण्णा खाली आले. बल्ब बघून त्यांचा चेहरा बदलला, कारण आगारात ते हेच करायचे. मी त्या गृहस्थांना काहीतरी विचारायला "अण्णा" अशी हाक मारली, तशी दोघांनीही वळून पाहिलं. त्यानंतर दोघं मला सोडून आपापसातच बोलायला लागले, एक तमिळमध्ये आणि एक मराठीत. बोटाने दाखवायचं, मान हलवायची, की पुढे. बल्ब काही पेटला नाही. अर्धा तास वाट पाहून ते गृहस्थ म्हणाले, "ओण्णुमे इल्ले." काहीच नाही. मग माझ्याकडे बघून हळूच हसले, आणि मला रडू येईल असं वाटलं. जाताना तो बल्ब मात्र त्यांनी अण्णांच्या हातात ठेवला. राहू दे, नंतर द्या, अशी खूण केली.

वर आल्यावर अण्णांनी विचारलं, "म्हणजे अजून उतरतेय."

"हो."

"कधीपासून?"

"बंद कधी झाली होती?" मी म्हणाले. आणि मग बसून सगळं सांगितलं. किती वेळा, कुठे, कधी. मीटरचंही सांगितलं, माझी फजिती म्हणून.

अण्णा म्हणाले, "फ्यूज कितीचा होता मीटरमधला?"

"दहा अँपिअरचा."

"वायर तू बरोबरच लावली असशील."

"मग फ्यूज कसा उडाला?"

"दहाच्या वर काहीतरी ओढत होतं म्हणून उडाला की." ते जरा पुढे सरकले. "सगळे थेंब थेंब गळतंय असं धरून शोधतायत. हे गळणं नव्हं. नळच्या नळ उघडा राहतोय. म्हणून तर दिवसभरात नवी बॅटरी बसते."

 दोन आठवडे ही गोष्ट माझ्याजवळ होती आणि ती विचारता येईल असा माणूस जेवताना माझ्यासमोर बसत होता.

"गाडीत एवढा करंट ओढणारं असतं तरी काय," अण्णा म्हणाले. "हेडलाईट. ते दिसले असते. हॉर्न, पंखा. ते ऐकू आले असते. दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि दहाच्या वर खातंय, असं काय आहे तुझ्या गाडीत?"

"मला काय माहीत?"

"उद्या मी तुझ्याबरोबर येतो. तू रोज काय काय करतीस ते बघतो."

मला ते मुळीच नको होतं. सकाळची माझी वेळ ठरलेली असते, त्यात त्यांचं हळूहळू जिना उतरणं, पट्टा लावायला माझं वाकणं. पण नाही म्हणायचा अधिकार मी गमावून बसले होते.

सोमवारी ते शेजारच्या सीटवर बसले. रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. मी आरसा सारखा केला की "हे काय केलंस", एसी वाढवला की "आता काय दाबलंस". पल्लावरमपर्यंत माझं डोकं उठलं होतं. पावसाच्या हवेत मागची काच आतून धुरकटली होती, आरशात मागचं काही दिसेना. मी नेहमीसारखं एक बटण दाबलं.

"हे कशाचं?"

"मागच्या काचेचा हीटर. काचेत बारीक तारा असतात, त्या तापतात, धुकं जातं."

"रोज दाबतीस?"

"काच धुरकटली की. पाऊस असला की." मी वैतागून म्हणाले. "थोड्या वेळाने तो आपोआप बंद होतो, अण्णा. बटणातला दिवा विझतो. हा बघा."

अण्णांनी त्या बटणावरून एकदा बोट फिरवलं. कारखान्यात गाडी पत्र्याच्या शेडखाली लावली. मी त्यांना गिंडीहून लोकलमध्ये बसवून देणार होते, तांबरमला वॉचमन उतरवून घेणार होता, सगळं ठरवलं होतं. ते म्हणाले, "मी इथंच बसतो." गेटवरच्या केबिनमध्ये एक स्टूल होतं, त्यावर ते बसले. मी वर गेले. माझ्या वडिलांना मी कामावर आणून गेटवर बसवलंय, असं कारखान्यात पसरायला दहा मिनिटं लागली. मालकांनी स्वतः खाली जाऊन त्यांना कॉफी दिली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी काही झालं नाही. अण्णा अर्ध्या अर्ध्या तासाने गाडीपाशी जाऊन काचेला हात लावून आले म्हणे. संध्याकाळी गाडी एका फटक्यात चालू झाली. मंगळवारीही तेच. बुधवारी सकाळी मी त्यांना सांगितलं की आज बास, आज ग्राहकाचे लोक तपासणीला येणार आहेत, आज मला हे नको. ते चपला घालून दारात उभे होते.

"आज पाऊस जास्त आहे," ते म्हणाले.

सव्वादहाला मी ग्राहकाच्या दोन माणसांना मापं दाखवत होते तेव्हा फोन वाजला. मी तो कापला. परत वाजला. बाहेर जाऊन घेतला.

"खाली ये," अण्णा म्हणाले. "काच तापलीय."

"अण्णा, मी कामात आहे."

"मग काम संपव आणि ये. मी हात लावत नाही कशाला."

मी पाऊण तासाने गेले. पाऊस पडत होता, उन्हाचा पत्ता नव्हता, शेडखाली चांगला गारवा होता. अण्णांनी माझा हात धरून मागच्या काचेवर ठेवला. काच गरम होती. नुकत्या उतरवलेल्या भांड्याला हात लावावा तशी. गाडी बंद करून दोन तास होत आले होते.

"आता बॉनेट उघड. पण हळू. आदळू नको," ते म्हणाले. "आतापर्यंत जो आला त्यानं धाडकन उघडलं आणि धाडकन लावलं. सर्व्हिसवाल्यांकडे जाताना खड्ड्यांतून गेली. धक्का बसला की हे सुटत असणार, म्हणून कुणाला सापडत नाही."

मी हळू उघडलं. त्यांनी खिशातून पाना काढला, ऋण वायर सोडवली, आणि मध्ये तो बल्ब लावला. बल्ब भक्कन पूर्ण उजेडाने पेटला. दोन महिने जे कुणाच्याच कागदावर नव्हतं ते आमच्या समोर लख्ख पेटलेलं होतं. मला आनंद झाला नाही, खरं सांगायचं तर. मला त्या बल्बचाच राग आला.

"फ्यूजच्या डब्याचं झाकण वाच. मला दिसत नाही. मागच्या काचेचा रिले कुठला?"

मी झाकणाच्या आतलं चित्र वाचून दाखवलं. रिले म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान, काळं चौकोनी खोकं. बटणाचा थोडासा करंट मिळाला की आतले दोन पत्रे चिकटतात आणि मोठा करंट वाहतो, बटण बंद झालं की पत्रे सुटतात. हे मला शाळेपासून माहीत होतं. अण्णांचं बोट मी धरून त्या खोक्यावर नेलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने त्यावर एकदाच टक केलं.

बल्ब विझला.

"पत्रे चिकटून बसतायत," अण्णा म्हणाले. "बटण सोडलं तरी हा सोडत नाही. दर वेळी नाही, एखाद्या वेळी."

बटणातला दिवा विझायचा, म्हणून मला वाटायचं हीटर बंद झाला. तो आत चालूच राहायचा. ज्या दिवशी मी ते बटण दाबलं नाही त्या दिवशी गाडी ठीक. ज्या दिवशी दाबलं आणि पत्रे सुटले त्या दिवशीही ठीक. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी भर पावसात घरी आले होते. ते बटण मीच दाबलं होतं. कॅलेंडरवर मी वार बघत बसले, पाऊस बघितला नाही.

मी तिथेच म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते—"

"वर तुझे लोक थांबलेत ना," ते म्हणाले. "जा. आणि केबिनवाल्याला सांग, आता कॉफी नको. सकाळपासून तीन झाल्या."

त्या आठवड्यात तांबरमच्या गृहस्थांनी नवीन रिले बसवला. जुना उघडून त्यांनी अण्णांना दाखवला, आतले पत्रे काळे पडून खरबरीत झाले होते. अण्णांना ते दिसलं नसावं, त्यांनी नखाने चाचपून पाहिलं आणि दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. बल्ब परत देऊन झाला.

तो जळका रिले घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेले. माझं समाधान व्हावं एवढ्यासाठीच. त्या सल्लागाराने रिले हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि म्हणाला, "बरं झालं सापडलं, मॅडम." मी म्हणाले की तुम्ही माझ्या वडिलांच्या दिव्यावर खापर फोडलं होतं. त्याला ते आठवत नव्हतं. त्याने कॉम्प्युटरमध्ये काहीतरी लिहिलं आणि गाडी फुकट धुऊन देऊ का असं विचारलं. मी नको म्हणाले आणि आले. रस्ताभर मनात त्याच्याशी भांडत होते. पण खापर त्याने फक्त दाखवलं होतं, ते फोडलं मी होतं, हे पल्लावरमच्या पुढे आल्यावर मला कबूल करावं लागलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गाडी पहाटे पहिल्या फटक्याला चालू झाली, तरी मी आधीच रिक्षाही सांगून ठेवली होती. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत उरकलं. डॉक्टरीणबाईंचा हात हलका होता.

परत येताना, डोळ्यावर पट्टी बांधलेले अण्णा शेजारी बसलेले असताना, मी अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. तुम्हाला कळत नाही असं मी म्हणायला नको होतं, म्हणाले. 

"आगारात गाडी बंद पडली की पहिली शिवी इलेक्ट्रिशियनला. त्याचं काही वाटत नव्हतं," ते म्हणाले. "पण तिथं शिवी देऊन झाली की पुढे विचारायचे तरी, आता काय करू या म्हणून. तू विचारलंच नाहीस."

  पाऊस थांबला होता आणि रस्ता बराच मोकळा होता.

पट्टी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच काढली. काळा चष्मा लावून त्यांना घरी आणलं. पार्किंगमध्ये उतरल्यावर त्यांनी चष्मा जरासा वर केला आणि गाडीकडे पाहत उभे राहिले.

"ही पांढरी आहे?"

"हो. पांढरीच आहे."

"मी पिवळी समजत होतो." ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "मोतीबिंदूनं सगळं पिवळं दिसतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तरी म्हटलं, हिनं असा रंग का घेतला असंल. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो नाही."

मग वाकून दाराच्या खालच्या कडेकडे बघत म्हणाले, "पण केवढा चिखल आहे ह्याच्यावर. धुतेस कधी?"

मी त्यांना वर नेऊन डोळ्यात थेंब घातले, झोपायला सांगितलं, आणि बादली घेऊन खाली आले. दहा मिनिटांनी बघते तर काळा चष्मा लावून ते गॅलरीत उभे होते आणि मागच्या चाकापाशी अजून राहिलंय असं हाताने दाखवत होते.